हलव्याला काटा येईना

एकदा काय झालं, एक आई निघाली लेकीकडे.

आता तुम्ही म्हणाल, आई लेकीकडे जाते त्यात कसली गोष्ट? पण ही लेक होती राणी, बरं का! राहायची राजवाड्यात. अंबारीसकट हत्ती आत जाईल एवढा उंच त्याचा दरवाजा.

आईचं नाव आवडाबाई. लेकीचं नाव शेवंता. त्यांचं घर डोंगराखालच्या आवळेवाडीत. मग आवळेवाडीची पोर राणी कशी झाली? तर एकदा राजाचा रथ त्यांच्या ओढ्यात रुतला. शिपाई ओढून ओढून दमले. शेवंता तिथं म्हशी धूत होती. तिनं पदर खोचला, चाकाला खांदा लावला, आणि रथ बाहेर! राजा म्हणाला, "लग्न करीन तर हिच्याशीच." वैशाखात लग्न झालं, आणि शेवंता राजवाड्यात गेली.

मग पाऊस आला आणि गेला. दसरा झाला, दिवाळी झाली. आणि आली पहिली संक्रांत.

नव्या नवरीची पहिली संक्रांत म्हणजे काळी चंद्रकळा नेसायची, आणि अंगावर हलव्याचे दागिने घालायचे. त्या राज्यात हे दागिने माहेरून यायचे, तेही आईच्या हातचे. हलवा कसा करतात ठाऊक आहे ना? मंद निखाऱ्यावर परात ठेवायची. परातीत तीळ. त्यावर साखरेचा पाक थेंब थेंब सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. बोटं भाजतात, पण थांबायचं नाही. मग तिळावर साखर चढते. आणि बाहेर थंडी कडक असली, की त्या साखरेला बारीक बारीक काटे फुटतात. टोचतील असे. काटा आला तर तो हलवा. नाहीतर नुसत्या साखरेच्या गोळ्या!

आवडाबाईनं असा काटेरी हलवा केला, की बघत राहावं. त्याच्या बांगड्या केल्या, हार केला, बाजूबंद केले, बिंदी केली. कापसात गुंडाळून डब्यात ठेवले. डबा घेतला डोक्यावर, आणि निघाली.

वाटेत काय थंडी होती म्हणता! हरभऱ्याच्या पानापानावर दव. ज्वारीची कणसं धुक्यात बुडालेली. आवडाबाईचे पाय गारठले, पण मन खुशीत. दागिने घालून लेक कशी दिसेल, एवढंच तिच्या डोळ्यांपुढे.

मग ती राजवाड्याशी आली. दरवाजावरचे पहारेकरी कुडकुडत होते. एकाचे दात तर ताशासारखे वाजत होते. आवडाबाईनं दरवाजा ओलांडला मात्र, आणि तिला दरदरून घाम फुटला!

आत वैशाख होता, बरं का. बाहेर पौष आणि आत वैशाख!

पहिल्या चौकात हत्ती होते. ते कानांनी वारा घेत डोळे मिटून उभे होते. दुसऱ्या चौकात आरसेमहाल होता. पण सगळ्या आरशांवर वाफ धरलेली, कुणाचंच तोंड दिसेना. आवडाबाईनं पदरानं एक आरसा पुसला, तर त्यात तिचं घामेजलेलं नाक तेवढं दिसलं. जिकडे तिकडे शेगड्या पेटलेल्या. खिडक्यांना गोधड्या ठोकलेल्या. आणि माणसं? एक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात. कुणी कुणाजवळ बसायला तयार नाही. "लांब बस रे, उकडतंय!" एवढंच जो तो बोले.

तिसऱ्या चौकापलीकडे बाग. लांबलांबचे लोक ही बाग बघायला यायचे म्हणे. कारंजी होती, संगमरवरी हौद होते, मोर होते. आंब्यांची रांग होती, शेवंतीचे ताटवे होते. पण झाडाझाडाखाली शेगडी! आंब्याला मोहर नाही. शेवंतीच्या कळ्या मुठी आवळून बसलेल्या. मोर तर हौदात पाय सोडून बसला होता, बदकासारखा.

तेवढ्यात शेवंता धावत आली. "आये!" म्हणून गळ्यातच पडली. आवडाबाईनं तिचं तोंड कुरवाळलं. लेक अंगानं बरी होती, पण गालावरचा रंग उडाला होता.

"अगं, हे काय गं? राजवाडा आहे का कुंभाराची भट्टी?"

"हळू बोल, आये. त्यांना थंडी चालत नाही."

राजाचं नाव धैर्यशील. वाघाला भ्यायचा नाही, पण थंडीला भारी भ्यायचा. का? तर मागे एकदा भर दरबारात, परदेशचे वकील बसलेले असताना, त्याला थंडीनं शिंक आली. साधीसुधी नाही. मुकुट उडाला, आणि गडगडत गेला वकिलाच्या पायाशी. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. पण दरबारात कुणी हसलं नाही. सगळे माना खाली घालून गप्प. राजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं दवंडी पिटवली, "ऐका हो ऐका! आजपासून थंडीला या वाड्यात आणि बागेत थारा नाही!"

"तेव्हापासून हे असं," शेवंता म्हणाली. "बरं ते जाऊ दे. माझे दागिने दाखव ना!"

आवडाबाईनं डबा उघडला. हलवा होता, पण काटा कुठे होता? उकाड्यानं सगळा काटा बसला होता. दाणे झाले होते गुळगुळीत आणि चिकट.

नेमक्या त्याच वेळी आत्यासाहेब आल्या. ही राजाची आत्या. तिनंच त्याला लहानाचा मोठा केलेला, म्हणून वाड्यात तिचा शब्द शेवटचा. तिनं एक दाणा बोटांत धरला, फिरवून बघितला.

"विहीणबाई, काटा कुठाय?"

"होता हो, येईपर्यंत होता."

"तुमच्या घरी होता, तो आमच्या काय कामाचा? ऐका. आमच्या घराण्याची रीत आहे. काटा नाही तर हलवा नाही. हलवा नाही तर संक्रांत नाही. आणि पहिली संक्रांत नाही, तर सुनेनं वर्षभर माहेरी जाऊन राहायचं. माझ्या आजीची सासूसुद्धा याच रीतीनं वागली!"

एवढं बोलून त्या पंख्यानं वारा घेत निघून गेल्या. शेवंताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचं आणि राजाचं चांगलं जमलं होतं, बरं का. पण आत्यासाहेबांपुढे राजाही बोलायचा नाही.

आवडाबाई म्हणाली, "रडतेस काय? अजून तीन दिवस आहेत. तुझी आई मेली नाही."

मग तिनं दागिने उसवले, दाणे सुटे केले आणि मुदपाकखान्यात परात मांडली. पाक घातला, बोटं फिरवली. काटा येईना. आचाऱ्याला विचारलं, तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "मावशी, आमच्याकडे तिळगुळाची वडीसुद्धा पडत नाही. मागच्या संक्रांतीला सरकार तिळगूळ पळीनं प्याले!"

मग ती बागेत गेली. तिथं एक म्हातारा माळी होता. त्याला विचारलं, "बाबा, ती हाकललेली थंडी गेली कुठं?"

"जाते कुठं? वेशीबाहेर चिंचेखाली बसलीय. रुसलीय."

आवडाबाई गेली वेशीबाहेर. चिंचेखाली एक बाई बसली होती. केस पांढरे शुभ्र, लुगडं धुक्याच्या रंगाचं, पाय अनवाणी. तिच्या भोवतीचं गवत दवानं चमचम करत होतं. हीच थंडीबाई. बसल्या बसल्या पेंगत होती.

आणि इथं आवडाबाईची चूक झाली. तिला वाटलं, आपल्याला वाडाभर थंडी हवीय कशाला? कळशीभर पुरे! मग तिनं हळूच कळशी पुढे केली. थंडीबाईच्या लुगड्याचा सोगा आत सारला, कळशीच्या तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि ओढायला लागली.

"अगं अगं अगं!" थंडीबाई जागी झाली. "माझं लुगडं कुठं नेतेस?"

"तुमचं नाही हो, थंडी नेतेय. थोडीशीच. लेकीच्या हलव्यापुरती."

"चोरून?" थंडीबाई उठून उभी राहिली. तशी चिंचेची पानं थरथरली. "आधी मला ढोल वाजवून हाकललं. आता कळशीत घालून चोरून नेता? मी काय दूध आहे? नाही येणार, जा! आता तर मुळीच नाही!"

आणि चिंचेच्या पलीकडे तोंड करून बसली.

आवडाबाई ओशाळली. जवळ बसून तिनं सगळं सांगितलं. लेक, हलवा, आत्यासाहेब, सगळं. थंडीबाईनं ऐकलं. मग तोंड न वळवताच म्हणाली, "तुझ्या लेकीवर माझा राग नाही गं. पण रुसलेल्या पाहुण्याला कसं बोलावतात, हे त्या घराला ठाऊक असेल की. ज्यानं हाकललं त्यानं बोलवावं."

आता जावयाला सांगायचं कसं? सासूनं जावयाचं कौतुक करायचं असतं, त्याला शिकवायचं नसतं. पण आवडाबाई गेली. पदर सावरून म्हणाली, "जावईबापू, थंडीबाईंना बोलवा. नाहीतर शेवंता वर्षभर आवळेवाडीला येईल."

राजाचं तोंड एवढंसं झालं. शेवंता जायला नको, पण थंडीही यायला नको! मग तो म्हणाला, "सासूबाई, आम्ही कशाला? आम्ही प्रधानजींना पाठवतो. पालखी देतो, शाल देतो."

मग निघाले प्रधानजी. पुढे चोपदार, मागे पालखी. प्रधानजींनी अंगावर एवढे कपडे चढवले होते, की ते चालताहेत की गडगडताहेत कळेना. चिंचेखाली जाऊन त्यांनी शाल पुढे केली.

थंडीबाई खो खो हसली. "मला शाल? अहो, माझ्यामुळे लोक शाल घेतात!"

"मग पालखीत तरी बसा."

"पालखीत तुम्हीच बसा, प्रधानजी. पाय लटपटताहेत तुमचे."

आणि तिनं नुसती एक फुंकर घातली. प्रधानजींच्या मिशा गोठून ताठ झाल्या, मेंढ्याच्या शिंगांसारख्या. खरोखरच पालखीत घालून आणावं लागलं त्यांना! दोन शेगड्यांमध्ये बसवलं, तेव्हा मिशा खाली आल्या.

असा एक दिवस गेला, दुसरा दिवस गेला. भोगीचा दिवस उजाडला. भोगी म्हणजे संक्रांतीच्या आदला दिवस. शेवंतानं मुकाट्यानं बोचकं बांधायला घेतलं. एक लुगडं घालायची, एक काढायची. राजा दाराशी उभा राहून बघत होता.

"हे लुगडं राहू दे ना इथं," तो म्हणाला. "नुसतं राहू दे."

"माणूस नसल्यावर लुगडं काय करायचंय?" शेवंता म्हणाली.

आता मात्र आवडाबाईला राहवेना. मान गेला चुलीत! ती म्हणाली, "जावईबापू, राग मानू नका. आमच्या गावात पाटील शिंकतो. पाटलाचा बैल शिंकतो. कीर्तनात बुवा शिंकतात, आणि लोक म्हणतात, 'खरं आहे, खरं आहे!' शिंक आली तर शिंकावं. शिंकेसाठी बायको कुणी माहेरी धाडतं का?"

राजा आत येऊन बोचक्याशी बसला. मग म्हणाला, "सासूबाई, बोलवायचं म्हणजे नेमकं काय करायचं असतं हो? आम्ही कधी कुणाला बोलवायला गेलो नाही. आम्ही बोलावलं, की लोक येतात."

"काही अवघड नाही. तबकात हळदकुंकू घ्यायचं, अक्षता घ्यायच्या. आपल्या पायांनी जायचं. आणि म्हणायचं, चला, आमच्याकडे जेवायला. आज भोगी आहे. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोणी, भोगीची भाजी. नाही कोण म्हणेल?"

मग निघाला राजा. हातात तबक. शेजारी शेवंता. मागे आवडाबाई. दरवाजाशी आला आणि थबकला. मग डोळे मिटून त्यानं पाऊल बाहेर टाकलं.

डोळे उघडतो तर काय! त्याच्या तोंडातून धूर निघत होता.

"शेवंता! आम्ही पेटलो!"

"श्वास आहे तो," शेवंता म्हणाली, आणि तिनंही फू करून धूर सोडला. मग राजानं मोठा सोडला. तिनं त्याहून मोठा. असं करत करत दोघं वेशीपर्यंत गेली. पहारेकरीही बघत बघत मागोमाग आले.

राजा चिंचेखाली आला. वाकून म्हणाला, "थंडीबाई, चूक आमची झाली. आमच्या लाजेचा राग तुमच्यावर काढला. आज भोगी आहे. घरी जेवायला च... च... च..."

आणि आली शिंक! अशी आली, की चिंचेवरचे सगळे बगळे उडाले. अक्षता उडाल्या, हळदकुंकू उडालं, मुकुट उडाला आणि थेट थंडीबाईच्या मांडीवर जाऊन पडला. राजाचं नाक पिवळं, थंडीबाईचं कपाळ लाल!

मग शेवंता फिसकन हसली. आवडाबाई हसली. पहारेकरी हसले. थंडीबाई तर पोट धरधरून हसली. आणि मग, बरं का, राजाही हसायला लागला. त्याला कळलं, हसण्यात काही मरायला होत नाही.

थंडीबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "कुंकू तर लागलंच. अक्षताही पडल्या. आता यायलाच हवं." तिनं मुकुट राजाच्या डोक्यावर नीट बसवला. "पण भाकरीला लोणी भरपूर हं!"

मग थंडीबाई राजवाड्यात आली. पहिल्या चौकात आली, तशी हत्तींनी सोंडा वर केल्या. दुसऱ्या चौकात आली, तशी आरशांवरची वाफ उतरली आणि ज्याला त्याला आपलं तोंड दिसलं. एक सोडून सगळ्या शेगड्या विझल्या. कोपऱ्याकोपऱ्यातली माणसं हात चोळत उठली आणि त्या एका शेगडीभोवती येऊन बसली. "सरक रे थोडा, मलाही जागा दे!" कित्येक दिवसांनी वाड्यात लोक खांद्याला खांदा लावून बसले. आणि अशी भूक लागली म्हणता सगळ्यांना! आचारी भाकऱ्या थापून थापून दमला. थंडीबाईनं लोण्याचा गोळा बोटानं चाटून संपवला.

जेवण झाल्यावर ती बागेत जाऊन बसली, ती रात्रभर तिथंच. सकाळी बघावं, तर गवत दवानं भिजलेलं. शेवंतीनं मुठी उघडलेल्या, पिवळ्या आणि पांढऱ्या. आंब्यांच्या शेंड्यांवर मोहराचे तुरे डोकावत होते. मोर हौदातून बाहेर येऊन पिसारा झटकत होता.

पण हलवा? संक्रांत तर उजाडली होती!

आवडाबाईनं बागेतच परात मांडली, आंब्याखाली, उघड्यावर. गुळगुळीत दाणे घातले. पाकाचा थेंब सोडला. बोटं फिरवली. शेवंता श्वास रोखून बघत होती. थंडीबाईनं परातीवर अगदी हलकी फुंकर घातली, आई तापलेल्या लेकराच्या कपाळावर घालते ना, तशी.

आणि एका दाण्याला काटा फुटला. मग दुसऱ्याला. मग परातभर!

तेवढ्यात आत्यासाहेब आल्या. अंगावर दोन गोधड्या, नाक लाल. म्हणाल्या, "बघू." आणि एक दाणा बोटांत दाबून धरला.

"आई गं! टोचलं की मेलं!"

बोट तोंडात घालून त्या उभ्या राहिल्या. मग हळूच हसल्या. "विहीणबाई, असा काटा माझ्याही हलव्याला नव्हता हो." आणि फतकल मारून बसल्या दोरा ओवायला. राजा बसला, दासी बसल्या, आचारी बसला, प्रधानजीसुद्धा मिशा सांभाळत बसले. उन्हं वर यायच्या आत दागिने ओवून झाले.

मग शेवंता काळी चंद्रकळा नेसली. कपाळावर बिंदी, गळ्यात हार, दंडात बाजूबंद, हातात बांगड्या. काळ्या लुगड्यावर पांढरे दागिने असे शोभले, की आवडाबाईनं दोन्ही हातांनी तिची दृष्ट काढली. राजालाही हलव्याचा हार घातला, हातात नारळ दिला. शेवंतानं बांधलेलं बोचकं आत्यासाहेबांनी आपल्या हातांनी सोडलं आणि लुगडी फडताळात परत लावली. "कुठं जायचं नाही," त्या म्हणाल्या. "गेलीस, तर आरसे कोण पुसणार?" म्हणजे त्यांना म्हणायचं होतं, की तुझ्यावाचून करमणार नाही. पण आत्यासाहेब तसं म्हणणाऱ्यातल्या नव्हत्या.

थंडीबाई रथसप्तमीपर्यंत राहिली. निघताना शेवंतानं तिची ओटी भरली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी बोलवायची वाट बघू नका. हे तुमचंच घर." तेव्हापासून दिवाळी झाली, की ती आपण होऊन येते, आणि राजा दरवाजात उभा राहून आधी एक सणसणीत शिंक देतो आणि मग म्हणतो, "या!"

असे राजाराणी सुखात राहिले, आत्यासाहेब सुखात राहिल्या, आणि आवडाबाई लेकीला डोळे भरून बघून आपल्या आवळेवाडीला गेली. गोष्ट इथं दमली, आता तुम्हीही दमा. पाय पोटाशी घ्या, एकमेकांना चिकटून निजा, आणि जो आधी बोलेल त्याला उद्या हलवा नाही!